उल्हास नदी व तिच्या उपनद्या

विद्यार्थीहो, आपली उल्हास नदी सह्याद्रीत राजमाचीच्या परिसरात लहानशा ओहोळाच्या रूपाने उगम पावते. सह्याद्रीवर हिम नाही. सारी भिस्त पावसावर. दि. 27 जुलै 2019 रोजी याच नदीच्या पुराने बदलापूर-वांगणीदरम्यान महालक्ष्मी एक्स्प्रेसला वेढा घातला होता.

मग उन्हाळ्यात ती कोरडी का पडत नाही? घाटमाथ्यावरील आंध्रा नदीचे पाणी स्वभावतः इंद्रायणी, भीमा व कृष्णा यांच्या वाटेने बंगालच्या उपसागरास जावयाचे. परंतु ठोकरवाडी येथे ते अडवून, घाटाखाली भिवपुरीच्या वीजगृहात उतरविले जाते; वीज निर्माण करून ते पेज नदीवाटे उल्हासेत येते व अखेरीस अरबी समुद्रास मिळते.

पुढे बारवी व काळू या उपनद्या येतात. अंबरनाथच्या डोंगरात उगम पावलेली वालधुनीही प्राचीन शिवमंदिरावरून वाहत कल्याणकडे येते. पण वाटेत कारखान्यांचे व वस्तीचे सांडपाणी तिच्यात मिसळते.

पेज जीवन आणते, वालधुनी मळ आणते. मुख्य प्रवाहास दोन्ही स्वीकारावी लागतात. यास्तव ज्याच्या दाराशी नाला वाहतो, त्याच्या हाती नदीचे थोडेसे भवितव्य आहे, हे ध्यानी धरावे.