‘आपला’ कोण, ‘परका’ कोण? : राष्ट्रीय ओळख आणि स्थलांतर



नववीच्या वर्गात नागरिकत्वावर बोलत असताना एका मुलीने विचारलं, "सर, माणूस इथेच जन्मला, इथेच शिकला, तरी तो परका कसा?" प्रश्न साधा, पण उत्तर सोपं नाही. अशा वेळी जर्मनीचं उदाहरण उपयोगी पडतं.

‘राष्ट्र म्हणजे एका वंशाचे लोक’ ही कल्पना जर्मनीत खोल रुजली होती. १९१३ च्या कायद्यानुसार नागरिकत्व आईवडिलांवरून ठरे, जन्मस्थळावरून नाही. दुसऱ्या महायुद्धानंतर कारखान्यांना माणसं कमी पडू लागली. पश्चिम जर्मनीने १९६१ मध्ये तुर्कस्तानशी करार करून कामगार आणले. त्यांना म्हणत ‘पाहुणे कामगार’. पाहुणा म्हणजे चार दिवसांनी परत जाणारा! १९७३ मध्ये भरती थांबली, पण बरेच जण तिथेच राहिले, बायकामुलांनाही घेऊन आले. तिथे जन्मलेली त्यांची मुलं जर्मन शाळेत शिकली, तरी कागदोपत्री परदेशीच राहिली.

आता दुसरी बाजू बघा. पूर्व युरोपातून आणि सोव्हिएत संघातून जर्मन वंशाचे लोक आले. त्यांतल्या अनेकांना जर्मन भाषा धड येत नव्हती. तरीही त्यांना नागरिकत्व सहज मिळालं. म्हणजे येणारा माणूस कसा आहे, यापेक्षा ‘आम्ही कोण’ याचं आधीच ठरलेलं उत्तर जास्त प्रभावी ठरलं.

मग ओळख वंशावर नसेल तर सगळं सोपं होतं का? तसंही नाही. फ्रान्समध्ये जन्मस्थळाला पूर्वीपासून महत्त्व आहे. पण तिथे समान नागरी जीवनात मिसळण्याची अपेक्षा मोठी असते. २००४ मध्ये तिथल्या सरकारी शाळांत ठळक धार्मिक चिन्हं वापरायला बंदी आली. दार उघडं, पण आत येण्याच्या अटी वेगळ्या.

महत्त्वाचं म्हणजे ही ओळख बदलू शकते. २००० पासून जर्मनीत जन्मलेल्या परदेशी पालकांच्या मुलांना काही अटींवर जन्मतःच नागरिकत्व मिळू लागलं.

वर्गात हे करून बघा. ‘भारतीय म्हणजे कोण?’ याची तीन उत्तरं प्रत्येकाला लिहायला सांगा. मग फळ्यावर जन्म, वंश, भाषा, वागणूक असे रकाने करून ती मांडा. शेवटी एवढंच विचारा, "या यादीमुळे वर्गातलं कोणी बाहेर राहतंय का?" उत्तर मुलांनाच शोधू द्या. आणि पालकहो, घरी जेवताना हाच प्रश्न तुम्हीही घ्या.