आग्नेयेला, क्षितिजालगत

३० डिसेंबर २०२४. सोमवती अमावास्या, आकाशात चंद्राचा पत्ता नाही, आणि रात्री दहाला श्रीहरिकोट्याहून पीएसएलव्ही-सी६० ‘स्पेडेक्स’ उपग्रहांची जोडगोळी घेऊन निघणार. रॉकेट पाहायला यापेक्षा बरा मुहूर्त कुठला, असं कोणालाही वाटावं. पण बारामती एमआयडीसीतल्या गच्चीवरून ते दिसतं का? याचं उत्तर हवं असेल तर दुर्बिणीआधी कागद-पेन्सिल हाती घ्यावी लागते.

श्रीहरिकोटा बारामतीच्या आग्नेयेला, सरळ रेषेत पावणेआठशे किलोमीटरवर आहे. पृथ्वीच्या गोलाईमुळे तिथून उडालेलं रॉकेट पन्नास किलोमीटरच्या आसपास चढेपर्यंत बारामतीच्या क्षितिजाखालीच राहतं. पीएसएलव्हीचा पहिला टप्पा घन इंधनाचा. सर्वांत प्रखर ज्वाळा त्याचीच. तो पावणेदोन मिनिटांच्या सुमारास, जवळपास याच उंचीवर जळून संपतो. म्हणजे टीव्हीवर पाहिलेला जो देखावा मनात धरून माणूस गच्चीवर चढतो, तो बारामतीकराच्या वाट्याला येतच नाही. पुढचा, द्रव इंधनाचा टप्पा क्षितिजावर येतो खरा, पण त्याचा उजेड बराच मंद, आणि तोवर रॉकेट बंगालच्या उपसागरावरून दूर दूर चाललेलं असतं. उंची वाढते तसं अंतरही वाढतं. हिशेब केला तर ते चार अंशांच्या फारसं वर चढत नाही. हात लांब करून मूठ धरली की ती आकाशाचे साधारण दहा अंश झाकते; चार अंश म्हणजे आडवी धरलेली दोन बोटं.

त्या दोन बोटांत डिसेंबरमध्ये काय काय असतं ते बारामती-इंदापूरकरांना सांगायला नको. गाळपाचा हंगाम ऐन भरात, भवानीनगरच्या बाजूला धुराड्यांचा धूर, एमआयडीसीच्या हायमास्ट दिव्यांचा पिवळट उजेड, उसाच्या फडांवर उतरलेला गारवा. म्हणून जागा दिवसाउजेडीच हेरून ठेवावी. उजनीच्या फुगवट्याचा काठ मोकळा असतो, पण थंडीत पाण्यावर धुकं धरतं. त्यापेक्षा इंदापूर तालुक्यातला एखादा उंच माळ बरा. होकायंत्राने आग्नेय दिशा पक्की करायची, लांबचं एखादं झाड खुणेला धरायचं, आणि रात्री पायात बूट, हातात बॅटरी घेऊनच जायचं.

वेळेचं प्रकरण आणखी नाजूक. सी६०ची ठरलेली वेळ ९ वाजून ५८ मिनिटांची होती. इतर उपग्रहांच्या फार जवळून जावं लागू नये म्हणून ती दोन मिनिटं पुढे गेली. जुनी वेळ धरून बसलेला माणूस नेमका कामाच्या क्षणी कंटाळून मान खाली घालतो. मोबाइलवरचं थेट प्रक्षेपणही काही सेकंद मागे असतं, त्यामुळे घड्याळ वेगळं लावावं. उड्डाणाच्या क्षणी डोक्यावर पाहण्यात अर्थ नाही. तिसऱ्या ते सहाव्या मिनिटापर्यंत बायनॉक्युलर क्षितिजालगत धरावी, आणि त्याआधी पंधरा-वीस मिनिटं मोबाइलचा पडदा डोळ्यांसमोर आणू नये.

खरी संधी संधिप्रकाशात असते. जमिनीवर काळोख, पण वर रॉकेटच्या धुरावर ऊन पडलेलं, अशा वेळी तो धूर शेकडो किलोमीटरवरून उजळलेला दिसू शकतो. २९ जानेवारी २०२५ला जीएसएलव्ही-एफ१५ सकाळी ६:२३ला उडालं, तेव्हा बारामतीत सूर्योदयाला अर्धा तासाहून जास्त अवकाश होता. अडचण एकच, रॉकेटची वाट आणि उगवतीचा उजेड एकाच अंगाला. संध्याकाळचं उड्डाण जास्त सोयीचं, मात्र ते सूर्यास्तानंतर हवं. २ नोव्हेंबर २०२५ला एलव्हीएम३ने सीएमएस-०३ उपग्रह नेला तो ५:२६ला, आणि बारामतीत तेव्हा लख्ख ऊन होतं.

महाराष्ट्राने रॉकेट डोळे भरून पाहिलं ते मात्र उडताना नव्हे, पडताना. २ एप्रिल २०२२, गुढीपाडव्याची संध्याकाळ. पावणेआठच्या सुमारास विदर्भ-खानदेशच्या आकाशातून जळत्या तुकड्यांची रांग सरकत गेली. कोणी उल्का म्हणालं, कोणी विमान पेटलं म्हणालं. त्याच संध्याकाळी न्यूझीलंडहून ‘इलेक्ट्रॉन’ रॉकेट उडालं होतं, म्हणून काही जाणकारांनीही त्याच्याकडे बोट दाखवलं. वेळ जुळली म्हणून वस्तू जुळत नाही, हे तिथे दिसलं. खगोलशास्त्रज्ञ जोनाथन मॅकडॉवेल यांच्या मते तो फेब्रुवारी २०२१मध्ये सोडलेल्या चिनी ‘लाँग मार्च ३बी’चा तिसरा टप्पा होता. चंद्रपूर जिल्ह्यात सिंदेवाही तालुक्यातल्या लाडबोरी गावात तीनेक मीटर व्यासाचं धातूचं कडं येऊन पडलं, आणि परिसरात गोळेही सापडले.

उल्का आणि असा अवकाश-कचरा ओळखणं अवघड नाही. उल्का बहुधा सेकंद-दोन सेकंदांत विझते. कचरा मिनिटभर संथ सरकतो आणि त्याचे तुकडे एकाच दिशेने, एकापाठोपाठ जातात. पडलेल्या तुकड्याला मात्र हात लावायचा नाही. टाकीत विषारी इंधनाचा अंश असू शकतो. मुलांना लांब ठेवून आधी पोलिसपाटलांना किंवा तहसील कार्यालयात कळवावं.

आकाशातल्या उजेडाने गावं किती धास्तावतात, हे पुणे जिल्ह्याने २०२४च्या पावसाळ्यात ड्रोनच्या घिरट्यांच्या वेळी अनुभवलं. अशा वेळी गावातल्या हौशी निरीक्षकाची वही फार मोलाची ठरते. दिशा, मुठीने मोजलेली उंची, सेकंदांसह वेळ, दिवा लुकलुकत होता की स्थिर, किती वेळ दिसला, एवढं लिहिलं की पुढे पडताळा घेता येतो. पुण्याची ज्योतिर्विद्या परिसंस्था १९४४पासून हौशी मंडळींना अशी शिस्त लावत आली आहे. व्हिडिओवर ‘यान दिसलं’ असं लिहून पुढे ढकलण्याआधी ही वही भरावी, असा प्रस्तुत लेखकाचा आग्रह आहे.

ज्याला पहिल्या टप्प्याची ज्वाळा आणि छातीत घुमणारा आवाजच हवा आहे, त्याने सरळ श्रीहरिकोटा गाठावं. जवळचं स्टेशन सुल्लुरपेटा. २०१९पासून श्रीहरिकोट्याला लोकांसाठी प्रेक्षक-गॅलरी आहे आणि नावनोंदणी इस्रोकडे आधी करावी लागते. तारीख पुढे जाणं नेहमीचंच, म्हणून परतीचं तिकीट दोन-तीन दिवस उशिराचं काढावं. तमिळनाडूत कुलशेखरपट्टिणमला छोट्या रॉकेटांसाठी दुसरं केंद्र उभं राहत आहे. ते बारामतीहून अकराशे किलोमीटरच्या पलीकडे आहे. तिथलं रॉकेट शंभर किलोमीटर चढलं तरी इथल्या क्षितिजावर येणार नाही, आणि त्याची पुढची वाटही दक्षिणेचीच.