अनुदान 35 टक्के. पण हातात कधी आणि खिशातून किती?

बुलढाणा जिल्ह्यात, चिखली तालुक्यातल्या एखाद्या खेड्यात दाल मिल किंवा मसाला चक्की टाकायची ठरली, की घरात पहिला प्रश्न निघतो तो सरकार किती देतं याचा. ते कधी देतं, हेही त्याच वेळी विचारायला हवं. तेवढं कळलं तरी बरीच फसवणूक टळते.

नव्या छोट्या धंद्यासाठी आपल्याकडे बरीच वापरली जाणारी योजना म्हणजे पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रम, म्हणजेच पीएमईजीपी. ती 2008 पासून चालू आहे. अर्ज ऑनलाइन करायचा असतो. जिल्हा उद्योग केंद्र, खादी ग्रामोद्योग मंडळ आणि खादी आयोग या तिन्ही यंत्रणा तो घेतात. उत्पादनाचा प्रकल्प 50 लाखांपर्यंत आणि सेवेचा 20 लाखांपर्यंत चालतो. जागेची किंमत मात्र त्यात धरत नाहीत.

समजा, एका बाईंनी गावात 10 लाखांचा प्रकल्प मांडला. महिला, ओबीसी, अनुसूचित जाती-जमाती, अल्पसंख्याक, दिव्यांग आणि माजी सैनिक यांना स्वतःचे 5 टक्के घालावे लागतात, म्हणजे 50 हजार. उरलेले साडेनऊ लाख बँक कर्ज म्हणून देते. ग्रामीण भागात त्यांचं अनुदान 35 टक्के, म्हणजे साडेतीन लाख. हेच युनिट चिखली नगरपालिकेच्या हद्दीत टाकलं तर अनुदान 25 टक्क्यांवर येतं. हद्दीच्या अलीकडे-पलीकडे एक लाखाचा फरक! खुल्या प्रवर्गातल्या पुरुषाला स्वतःचे 10 टक्के घालावे लागतात, आणि अनुदान गावात 25 व शहरात 15 टक्के मिळतं. म्हणून शेड भाड्याने घेण्याआधी ती जागा ग्रामपंचायतीत येते की पालिकेत, हे बघून घ्या.

आता हे साडेतीन लाख त्या बाईंच्या हातात कधीच येत नाहीत. ते बँकेत त्यांच्या कर्जाच्या नावाने मुदत ठेवीसारखे तीन वर्षं पडून राहतात. त्यांच्यावर व्याज मिळत नाही, आणि कर्जाच्या तेवढ्या रकमेवर बँक व्याज लावतही नाही. तीन वर्षांनी युनिट चालू असल्याची प्रत्यक्ष पाहणी होते आणि मग ती रक्कम कर्जात वळती होते. धंदा मध्येच बंद पडला तर अनुदान परत जाऊ शकतं.

खरी झळ बसते ती अनुदान बँकेत जमा होईपर्यंत. 11 टक्के व्याज धरलं तर साडेतीन लाखांवर महिन्याला सुमारे 3,200 रुपये जास्तीचे जातात. अनुदान सहा महिने रेंगाळलं तर 19 हजारांहून अधिक. हा पैसा कुठल्याच प्रकल्प अहवालात लिहिलेला नसतो, तो तुम्ही वेगळा बाजूला ठेवा. अनुदान जमा झाल्यावर सहा लाखांचं कर्ज पाच वर्षांत फेडायचं तर हप्ता महिन्याला 13 हजारांच्या आसपास बसतो. मे महिन्यात चक्की रात्रंदिवस चालते. पण हप्ता झेपेल का, हे श्रावण-भाद्रपदातल्या मंद विक्रीवरून ठरवा.

कागदपत्रांचा खर्च लोकांना वाटतो त्यापेक्षा फार कमी आहे. पीएमईजीपीचा अर्ज मोफत आहे. उद्यम नोंदणी मोफत, जीएसटी नोंदणीला सरकारी फी नाही. खाद्यपदार्थांच्या छोट्या धंद्याला एफएसएसएआयची साधी नोंदणी वर्षाला 100 रुपयांत होते. सिबिलसारख्या प्रत्येक संस्थेने वर्षातून एक कर्ज-इतिहासाचा अहवाल फुकट द्यायचा, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. अर्जाआधी तो काढाच. जुना थकलेला हप्ता किंवा कुणाला दिलेली जामीनकी तिथेच दिसते, आणि बरीच प्रकरणं तिथेच अडतात. नमुना प्रकल्प अहवाल खादी आयोगाच्या संकेतस्थळावर मिळतात. सीएकडून करून घेतला तर त्याची फी आधी ठरवा, आणि ती ठोक रक्कम असू द्या.

अनुदानाचे टक्के मागणाऱ्याला दारातूनच परत पाठवा. या योजनेत एकही एजंट नेमलेला नाही, असं खुद्द खादी आयोगच सांगतो. लहान माणसाच्या भांडवलातून कुणी 10 टक्के कापून नेतो, तेव्हा तो त्याच्या धंद्याचे पहिले काही महिनेच ओरबाडून नेतो. मला याची फार चीड आहे.

सोयाबीन, डाळ, मिरची, संत्रा अशा मालावर प्रक्रिया करायची असेल तर कृषी विभागाकडची पीएमएफएमई योजनाही विचारात घ्या. तिच्यात 35 टक्के, जास्तीत जास्त 10 लाख अनुदान आहे आणि चालू धंद्यालाही ते मिळतं. प्रकरण तयार करायला जिल्हा संसाधन व्यक्ती नेमलेली असते. मंजूर प्रकरणामागे तिला सरकारच 20 हजार रुपये मानधन देतं, तुम्ही वेगळं काही द्यायचं नाही. राज्याचा मुख्यमंत्री रोजगार निर्मिती कार्यक्रम 2019 पासून आहे, तोही जिल्हा उद्योग केंद्रातूनच चालतो. एकाच युनिटला दोन योजनांचं अनुदान मिळत नाही. मुद्रा हे कर्ज आहे, त्यात अनुदान नाही. अण्णासाहेब पाटील महामंडळ मूळ रकमेवर काही देत नाही. 15 लाखांपर्यंतच्या कर्जावर भरलेलं व्याज, साडेचार लाखांच्या मर्यादेत, परत करतं.

एक पथ्य कडक पाळा: मंजुरीआधी मशीन घेऊ नका. खामगाव किंवा अकोल्याच्या विक्रेत्याकडून फक्त कोटेशन आणा. पीएमईजीपीचं हे अनुदान नव्या युनिटसाठीच आहे, धंदा आधीच सुरू झालेला दिसला की अर्ज बाद होतो.

बँकेने नाही म्हटलं तर कारण लेखी मागा. मग अग्रणी जिल्हा व्यवस्थापकाला भेटा. लेखी तक्रारीला बँकेने 30 दिवसांत उत्तर दिलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे विनाशुल्क दाद मागता येते.

बुलढाण्याला जिल्हा उद्योग केंद्रात जाऊन यंदाचं उद्दिष्ट शिल्लक आहे का, हे विचारूनच अर्ज भरा. आणि अर्जावर मोबाइल नंबर स्वतःचाच द्या. ओटीपी, त्रुटीचा निरोप आणि मंजुरी सगळं त्याच नंबरवर येतं.