पहिली जुनी ट्रॉली घेताना

आपल्या हॉस्टेलमध्ये शेतकऱ्यांच्या घरची मुलं-मुली पुष्कळ. सुट्टीत गावी गेलं की "तू इंजिनिअरिंगला आहेस ना, मग हे बघ बरं!" असं कुणीतरी म्हणतंच. माझ्या वाट्याला ट्रॉली आली. चाकूर तालुक्यातल्या आमच्या मामांना सोयाबीनच्या पैशांतून पहिली ट्रॉली घ्यायची आहे. नवी परवडत नाही. दिवाळीत त्यांच्याबरोबर तीन जुन्या ट्रॉल्या पाहिल्या. मी कॉन्व्हेंटमध्ये शिकले, म्हणून चेसिसला शुद्ध मराठीत काय म्हणतात ते विचारू नका. आमच्याकडे सगळे चेसिसच म्हणतात! काय काय तपासायचं ते क्रमाने देते.

१) कागदपत्रं : ट्रॉली ट्रॅक्टरच्या मागे चालते, पण मोटार वाहन कायदा, १९८८ प्रमाणे ते वेगळं वाहन आहे आणि त्याची नोंदणीही वेगळी. ट्रॅक्टरचं आरसी बुक दाखवून ट्रॉली विकणारे भेटतात. ट्रॉलीचंच बुक मागा. त्यातला चेसिस नंबर आणि लोखंडावर ठोकलेला नंबर जुळवून बघा. बुकावर बँकेच्या कर्जाची नोंद असेल, तर बँकेने सही केलेला फॉर्म ३५ हवा. नाव बदलायला फॉर्म २९ आणि ३० लागतात. घेणाऱ्याने ३० दिवसांच्या आत आरटीओला कळवायचं असतं.

२) चेसिस : मामा म्हणाले, "रंग बघ की, नवीकोरी दिसते!" मी म्हटलं, "मामा, तुम्ही रंग बघा, मी खाली जाते." एकाच जागी ताजा रंग असेल तर तिथे नखाने खरवडा. वेल्डिंगच्या कडेला लोखंड तापून त्याचा गुण बदललेला असतो, म्हणून तडा बहुतेक तिथूनच सुरू होतो. मग टेप घ्या आणि चेसिसचे दोन्ही कर्ण मोजा. आयताचे कर्ण सारखे असतात हे आपण शाळेत शिकलो. फरक मोठा आला तर चेसिस वाकलेली आहे. तळाच्या पत्र्यावर हातोडी मारा. खणखणीत वाजला तर ठीक, बद्द वाजला तर गंजाने खाल्लेला.

३) हूक आणि पिन : दांडीचं भोक गोल आहे की घासून लांबट झालंय? पिन मधेच बारीक झाली असेल तर ती बदलायचीच. पिन तुटली की भरलेली ट्रॉली रस्त्यावर मोकळी सुटते.

४) चाकं : जॅक लावून चाक उचला, वर-खाली धरून हलवा. खडखडलं तर बेअरिंग गेलं. टायर एकाच बाजूने झिजलं असेल तर एक्सल वाकलेला असू शकतो. पाट्यांमध्ये तुटलेलं पान आहे का तेही बघा.

५) हायड्रॉलिक : ट्रॉली पूर्ण उचलायला लावा, खूण करा आणि दहा-पंधरा मिनिटं थांबा. खाली बसत असेल तर कुठेतरी तेल सुटतंय. भक्कम टेकू दिल्याशिवाय उचललेल्या ट्रॉलीखाली डोकं घालू नका. जॅकवर भरवसा ठेवू नका.

६) ब्रेक : पुष्कळ ट्रॉल्यांना ब्रेकच नसतो. ढोबळ हिशोब करा : ट्रॅक्टर २ टन आणि भरलेली ट्रॉली ६ टन. म्हणजे थांबवायचं ओझं ८ टन, पण ब्रेक फक्त ट्रॅक्टरच्या चाकांना! तितक्याच वेगात थांबायला जवळजवळ चौपट अंतर लागेल. म्हणून वेग आपणच कमी ठेवायचा.

७) मागची बाजू : ही सगळ्यात स्वस्त गोष्ट आणि सगळ्यात दुर्लक्षित. मी पाहिलेल्या तिन्ही ट्रॉल्यांना मागे लाल दिवा नव्हता, रिफ्लेक्टरही नव्हता. उसाच्या सीझनमध्ये लातूर-नांदेड रस्त्यावर रात्री मोटारसायकलने या, म्हणजे कळेल. उसाने भरलेली ट्रॉली अंधारात अगदी जवळ गेल्यावरच दिसते. त्या मोटारसायकलवर आपल्यापैकीच कुणीतरी असतं.

तेव्हा भाव ठरवताना लाल रिफ्लेक्टर टेपचे पैसेही धरा. मागच्या फाळक्याला ती पूर्ण रुंदीभर लावा आणि चिखल पुसत राहा. या सुट्टीत घरी गेलात की आपल्या दारातल्या ट्रॉलीपासूनच सुरुवात करा.