ट्यूब मंद करायचीय? आधी चोक बघ

हे बघ, आधी जरा शांत बस. अभ्यासिकेसाठी जागा घेतलीस, जुन्या ऑफिसवाल्यांनी छतातल्या ट्यूबा तशाच सोडल्यात, भिंतीवर उजेड कमी-जास्त करायचं गोल बटण आहे आणि निम्म्या ट्यूबा लुकलुकतायत. वायरमन म्हणतो सगळं उखडून एलईडी लावू, घरमालक म्हणतो हात लावू नका. गोंधळायला होणारच गं. पण नीट समजून घेतलंस की दोघांनाही तूच उत्तर देशील.

ट्यूबचा स्वभाव असा, की एकदा आतला वायू पेटला की ती वीज ओढतच सुटते. तिला आवरायला चोक लागतो. तांब्याचा जुना चोक 50 हर्ट्झवर चालतो, म्हणून उजेड सेकंदाला 100 वेळा थरथरतो. इलेक्ट्रॉनिक चोक तीच वीज 20 हजार हर्ट्झच्या वर नेऊन ट्यूबला देतो. मग थरथर नाही, गुणगुण नाही, स्टार्टरही नको. तासन्‌तास वाचत बसणाऱ्या मुलांसाठी हे मोलाचं आहे बघ.

आता मंद करण्याचं. खरं सांगू का, लोकांना वाटतं वीज कमी सोडली की उजेड कमी, म्हणून ते सरळ पंख्याचा रेग्युलेटर जोडतात. पिवळ्या बल्बला चालतं ते, ट्यूबला नाही. ट्यूबच्या दोन्ही टोकांना फिलामेंट असते आणि ती तापलेली राहिली तरच ट्यूब नीट जळते. दूध आटवताना आपण गॅस बारीक करतो, पण ज्योत विझू देत नाही ना, तसंच. डिमिंगचा चोक उजेड उतरवतो आणि फिलामेंटला मात्र वेगळी वीज देऊन तापती ठेवतो. हे झालं नाही की ट्यूब लुकलुकते, टोकं काळी पडतात आणि ती लवकर जाते.

म्हणून मेन बंद करून वायरमनला ट्यूबची एक पट्टी उघडायला लाव आणि चोकवरचं लेबल वाच. '1-10 व्होल्ट' लिहिलं असेल, तर भिंतीवरच्या बटणाकडून दोन बारीक तारा चोकपर्यंत यायला हव्यात. त्यातली एखादी निसटली असेल तर ट्यूब कायम पूर्ण उजेडात राहते. या पद्धतीत बटणाने ट्यूब अगदी बंद होत नाही, त्याला वेगळा स्विच लागतो, तेव्हा बिघाड समजून घाबरू नकोस. 'डाली' लिहिलं असेल तर यंत्रणाच वेगळी, तिला 1-10 व्होल्टचं बटण चालणार नाही. आणि तारा बारीक दिसल्या तरी मेन लाइनइतक्याच जपून हाताळायच्या हं!

मग होल्डर बघ. प्रत्येक टोकाच्या दोन पिनांना दोन स्वतंत्र तारा हव्यात. आतल्या आत जोडलेला होल्डर बसवला असेल तर फिलामेंट तापणारच नाही. ट्यूब घेताना चोकवर लिहिलेला प्रकार आणि वॅट तंतोतंत जुळव. नव्या ट्यूबा पहिले 100 तास पूर्ण उजेडात चालव, म्हणजे रोज दहा तास धरले तर दहा दिवस. त्या नीट मुरल्या की मगच मंद कर.

एलईडीचं म्हणशील, तर वायरमन अगदीच चुकीचा नाही. ट्यूबमध्ये पारा असतो. पाऱ्याबाबतच्या आंतरराष्ट्रीय मिनामाटा कराराच्या 2023 च्या बैठकीत, 2027 संपेपर्यंत या ट्यूबांचं उत्पादन आणि आयात-निर्यात टप्प्याटप्प्याने थांबवायचं ठरलंय. त्यामुळे माझं मत ऐक. चोक चांगला असेल तर तो बिनधास्त वापर, फक्त ट्यूब आणि होल्डर बदल. चोकच गेला असेल तर महागाचा नवा डिमिंग चोक घेऊ नकोस, ती पट्टी काढून डिम होणारी एलईडी पट्टी बसव. पण जुन्या डिमिंग चोकवर एलईडी ट्यूब चढवू देऊ नकोस, वायरमन कितीही 'चालतंय ताई' म्हणाला तरी!

काढलेल्या ट्यूबा कचऱ्यात फोडू नकोस, ई-कचरा घेणाऱ्यांकडे दे. एखादी फुटलीच तर खिडक्या उघड, मुलांना बाहेर काढ आणि झाडू न मारता जाड पुठ्ठ्याने तुकडे गोळा करून ओल्या कागदाने पुसून घे.

सगळं एका दिवसात करू नकोस गं. उद्या फक्त लेबलांचे फोटो काढ आणि कुठला चोक चालू, कुठला बंद, ते वहीत लिही. ती यादी हातात असली की वायरमन काय सांगतो ते तुला पारखून घेता येईल. आणि तुला ते जमेल, मला खात्री आहे.