खोडलेलं नाव

पत्राची सुरुवातच खाडाखोडीनं झाली आहे. ‘चि. ढब्बूस’ असं लिहून मंगळवेढ्याच्या आत्यांनी त्यावर दोन रेघा ओढल्या आणि शेजारी भाचीचं पाळण्यातलं नाव लिहिलं. पुढची साडेचार पानं निवृत्त शाळाबाईंच्या ठसठशीत अक्षरात आहेत. आजच्या जमान्यात पत्र कोण लिहितं, असं विचारलं तर आत्यांचं उत्तर तयार असतं: पोरगी चार दिवस फोन उचलत नाही.

बातमी वहिनींकडून कळली, तीही अर्धीमुर्धी. भाची पुण्यात नोकरी करते. ऑफिसच्या जिन्यात तिला चक्कर आली आणि ती पायरीवर बसली. तीन आठवड्यांपासून तिचं ‘आजीच्या काळचं आंबील’ चाललं होतं. दिवसभरात तीन वाट्या नाचणीचं आंबील, दोन काकड्या आणि रात्री लिंबूपाणी. मैत्रिणीनं सात दिवसांचं सांगितलं होतं, हिनं एकवीस दिवस ओढलं. वजन ७४ वरून ६९ किलोवर आलं, म्हणून घरात कौतुकही झालं.

आत्यांनी कौतुक केलं नाही, हिशेब केला. तीन वाट्या आंबिलाला पीठ लागतं साठ-सत्तर ग्रॅम, म्हणजे सव्वादोनशेच्या आसपास कॅलरी. ताक, काकडी धरून तीनशे. ‘अगं, हैदराबादची राष्ट्रीय पोषण संस्था सांगते, वजन उतरवायचं असलं तरी दिवसाला हजार कॅलरींच्या खाली जाऊ नका आणि आठवड्याला अर्धा किलो कमी झालं तर ते सुरक्षित. तू तिप्पट वेगानं निघालीस. आणि जिन्यात दुसरं कोणी नसतं तर?’

हिशेब चोख आहे. पहिल्या आठवड्यात काटा भराभर उतरतो, कारण शरीर आधी ग्लायकोजेन नावाचा साठा वापरतं आणि त्यातल्या प्रत्येक ग्रॅमसोबत सुमारे तीन ग्रॅम पाणी धरलेलं असतं. ते पाणी जातं आणि माणसाला वाटतं चरबी गेली. पुढे उपासमार लांबली की स्नायू झिजतात. झपाट्यानं वजन उतरवणाऱ्यांना पित्ताशयात खडे होण्याचा धोकाही वाढतो.

भाचीनं वजन कमी करूच नये, असं आत्यांचं म्हणणं मुळीच नाही. उंची १५५ सेंटीमीटर, वजन ७४ किलो, म्हणजे बीएमआय एकतीसच्या जवळ. आपल्याकडे डॉक्टर २५ च्या वर स्थूलता धरत आले आहेत, कारण भारतीयांना कमी वजनातही मधुमेह गाठतो. तिच्या वडिलांना तो चाळिशीतच लागला. ‘तुझ्या बाबाचं तुला सांगायला नको,’ एवढ्यावरच तो विषय पत्रात संपतो. मूळ वजनाच्या पाच टक्के, म्हणजे साडेतीन-चार किलो, नीट उतरले तरी साखर आणि रक्तदाब सुधारायला लागतात, हे मात्र त्यांनी अधोरेखित केलं आहे.

मग आत्या चिडतात त्या ‘आजीच्या काळचं’ या शब्दांवर. ‘तुझी आजी आंबील जेवण म्हणून नव्हे, जेवणाआधी प्यायची. नंतर तीन भाकऱ्या खायची आणि दिवसभर खुरपायची.’ मंगळवेढा म्हणजे ज्वारीचं कोठार. इथल्या मालदांडीला भौगोलिक मानांकन आहे. पण ज्वारी हलकी म्हणून वजन उतरतं, हा गैरसमज याच गावच्या बाईनं खोडावा, यात गंमत आहे. ज्वारीचं पीठ असो की गव्हाचं, शंभर ग्रॅमला साडेतीनशेच्या आतबाहेर कॅलरी. फरक पडतो तो वेगळ्या कारणांनी. भाकरीला तेल लागत नाही, ती चावून खावी लागते आणि सोबत उसळ, पालेभाजी, ताक असं काहीतरी घ्यावंच लागतं.

आणि शेंगाचटणी! सोलापूरकडच्या माणसाचा जीव तिच्यात. दोन मोठे चमचे चटणी म्हणजे जवळपास एका मध्यम भाकरीएवढ्या कॅलरी, वर तेल घातलं तर आणखी. एक मोठा चमचा तेल सव्वाशे कॅलरींचं. २०२३ हे भरडधान्य वर्ष साजरं झालं तेव्हा नाचणीची बिस्किटं गावागावांत पोचली. त्यांतली साखर आणि तूप-तेल कोणी मोजलं नाही.

आत्यांचं ताट असं आहे. सकाळी हुलग्याचं माडगं, बिनगुळाचं. दुपारी एक भाकरी, वाटीभर मटकीची उसळ, अंबाडी नाहीतर चाकवत भरपूर, वर ताक. चारला मूठभर फुटाणे. रात्री पुन्हा भाकरी, आमटी, एक अंडं. दिवसाचं तेल तीन छोटे चमचे, मोजून. सगळं मिळून बाराशेच्या आसपास जातं. हुलग्यात वीस टक्क्यांहून जास्त प्रथिनं असतात, म्हणून पोट धरून राहतं. ‘यात तुझ्या आजीचंच सगळं आहे, फक्त तेल आणि भाकऱ्या कमी. आधी डॉक्टरांकडे जा, थायरॉइड आणि हिमोग्लोबिन बघून घे. जिन्यातली चक्कर कशाची, ते मला माहीत नाही आणि तुलाही नाही.’

भाची रात्री दोनपर्यंत पुरणपोळ्यांचे व्हिडिओ बघते, असंही वहिनींनी सांगितलं होतं. आत्यांना त्याचं हसू आलं. हसण्यासारखं ते नाही. १९४४-४५ मध्ये अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठात ॲन्सेल कीज यांनी ३६ निरोगी तरुणांना सहा महिने निम्म्या जेवणावर ठेवलं होतं. रोज पंधराशेच्या वर कॅलरी मिळूनही ते तरुण अन्नाशिवाय दुसरा विचार करू शकत नव्हते. काहीजण पाककृतींची पुस्तकं वाचत बसत. ही मुलगी तीनशेवर होती.

चौथ्या पानावर अक्षर जरा बदलतं. १९७२ च्या दुष्काळात आत्या चौदा वर्षांच्या होत्या. आई खडी फोडायला जायची, रेशनवरच्या लाल मिलोच्या भाकऱ्या घशाखाली उतरत नसत. त्यानंतर आईनं कुणाचंही ताट कधी रिकामं दिसू दिलं नाही. त्याच घरात सात वर्षांनी पाहुणे मुलगी बघायला आले आणि ‘अंगानं जरा जास्त आहे’ असं सांगून गेले. आत्यांनी सोमवार, गुरुवार, चतुर्थी, एकादशी सगळं धरलं. उपासाला साबुदाणा, शंभर ग्रॅमला साडेतीनशे कॅलरी आणि प्रथिनं नावाला, त्यात दाण्याचं कूट. एरवीच्या दिवशी चहावर. वजन हललं नाही, तीन महिन्यांनी केस मात्र मुठीनं गळायला लागले. ‘ते मी गुपचूप चुलीत टाकायची. वासावरून आईला कळलं. ती काही बोलली नाही, मला जवळ घेऊन बसली. तेव्हा ती ओरडली असती तर मला बरं वाटलं असतं. म्हणून मी तुला ओरडतेय. तुला बरं वाटत नसेल तर सोड.’

यानंतर सल्ला नाही. आहे ते एक कबुलीवजा वाक्य, तेही समासात तिरकं लिहिलेलं. बारशाला कानात नाव सांगायचा मान आत्याचा असतो. ‘तुझ्या कानात मी इतकं चांगलं नाव सांगितलं होतं. पाच वर्षांची झालीस आणि सगळ्या पंगतीसमोर ढब्बू मीच म्हणाले. सगळे हसले, तूही हसलीस. तेव्हापासून तुला कोणी नीट हाक मारली नाही.’

शेवटी तारीख आणि ताजा कलम. ‘पुढच्या सोमवारी सकाळच्या एसटीनं येते. हुलगे भाजून, दळून ठेवलेत. तेल मोजायला चमचा नसेल तर तोही आणते. स्टँडवर न्यायला येऊ नकोस, रिक्षा करीन. तुझ्याकडे लिफ्ट असेल तर तीच वापर. फोन मात्र उचल.’