आमच्या बागेंतील चार धडे



वनस्पतिशास्त्राच्या पुस्तकांतून झाडांची ओळख होते. परंतु त्यांच्याशीं स्नेह जडावयाचा असेल, तर हातांना माती लागली पाहिजे. शाळेच्या आवारांतील बाग गेलीं कांहीं वर्षें आमच्याकडे सोंपविलेली आहे. ह्या अवधींत आम्हीं मुलांना जें शिकविलें, त्याहून अधिक बागेनें व तेथील वृद्ध माळ्यानें आम्हांस शिकविलें. त्यांतील चार अनुभव येथें सांगतों.

पहिला कडुनिंबाचा. ज्येष्ठ-आषाढांत झाडाखालीं पिकलेल्या लिंबोळ्यांचा सडा पडतो. एके वर्षीं मुलांनीं त्या हौसेनें वेंचल्या. पुढील पावसाळ्यांत कुंपणालगत पेरूं, ह्या विचारानें आम्हीं त्या वाळवून डब्यांत भरून ठेविल्या. वर्षानें पेरल्या, तों एकही उगवली नाहीं! कडुनिंबाच्या बियांची उगवण्याची शक्ति फार थोडे दिवस टिकते. म्हणून लिंबोळी पडतांच गर धुवून काढावा, बीं सावलींत सुकवावें आणि एकदोन आठवड्यांच्या आंत पेरावें. आज कुंपणालगत जीं रोपें डोलत आहेत, तीं ह्याच नियमाचें फळ होय.

दुसरा बहाव्याचा. उन्हाळ्यांत पिवळ्या फुलांचे घोस लोंबणारें हें झाड सर्वांच्या परिचयाचें आहे. पहिल्या अनुभवानें शहाणे झालेल्या आम्हीं हातभर लांब शेंगांतील बीं तातडीनें काढून पेरलें. पण तें बहुतेक जसेंच्या तसें मातींत पडून राहिलें. ह्या बियांचें कवच इतकें टणक असतें कीं, आंत पाणीच शिरत नाहीं. मग कांहीं बिया खरखरीत दगडावर घासून, कवच किंचित् झिजवून, रात्रभर पाण्यांत भिजविल्या. सकाळपर्यंत त्या फुगल्या व पुढें चांगल्या रुजल्या. एका झाडास घाईची गरज, तर दुसऱ्यास घाईचा कांहींच उपयोग नाहीं. एकाचा नियम दुसऱ्यास लावणें हीच आमची चूक होती.

तिसरा बोगनवेलीचा. ही मूळची दक्षिण अमेरिकेंतील. दरवाजावरील वेलीस आम्ही नित्य भरपूर पाणी देत असूं. पानें हिरवीगार, पण रंग दिसेना. पाणी कमी केलें, माती दोन पाण्यांच्या मध्यें चांगली सुकूं दिली, तेव्हां वेल रंगानें भरून गेली. ह्या वेळीं मुलांना आणखी एक गोष्ट कळली. ज्यांस आपण फुलें म्हणतों तीं रंगीत पानें असून, खरीं फुलें त्यांच्या मध्यें असलेलीं लहान पांढुरकीं नळकांडीं होत.

चौथा अनुभव सांगतांना मनास थोडें दुःख होतें. एका विद्यार्थ्यानें आपल्या गांवच्या टेकडीवरून कळलावीचा कंद आणून वाफ्यांत लाविला. कंदाचा आकार नांगरासारखा असतो. म्हणूनच संस्कृतांत तिला लांगली म्हणतात. पहिल्या पावसाबरोबर वेल वर आली; पानांच्या लांबट टोंकांनीं आधार धरून चढली; श्रावणांत पिवळींतांबडीं फुलें लागलीं. मुलाच्या आनंदास पारावार राहिला नाहीं. दिवाळीनंतर वेल पिवळी पडूं लागली. तो घाबरून आमच्याकडे आला. आम्हीं म्हटलें, "पाणी वाढव." त्यानें हिंवाळाभर रोज न चुकतां झारी वाहिली. पुढील पावसाळ्यांत टेकडीवरील कळलावी उगवली. वाफ्यांतील उगवली नाहीं. उकरून पाहतों तों कंद कुजलेला. माळीबुवा म्हणाले, "मास्तर, कांदा निजला होता. निजलेल्याच्या तोंडांत कोणी पाणी ओततें काय?"

त्या दिवशीं वर्गासमोर आम्हीं सांगितलें कीं, चूक मुलाची नव्हे, आमची. माळीबुवांस आधींच विचारलें असतें, तर कंद वांचला असता. त्याच मुलानें पुढें दुसरा कंद लाविला. वेल सुकतांच पाणी बंद केलें. पावसाळ्यांत कोंब वर आला. (कळलावीचें सर्वांग, विशेषतः कंद, विषारी आहे. तो तोंडांत घालूं नये व हाताळल्यावर हात धुवावे.)

ज्यांनीं १८०५ सालीं मराठी भाषेचें व्याकरण प्रसिद्ध केलें, ते डॉ. विल्यम केरी मोठे बागवानही होते. १८२० सालीं कलकत्त्यास शेती व बागाईत ह्यांच्या सुधारणेसाठीं स्थापन झालेली संस्था त्यांच्याच प्रयत्नाचें फळ होय. विलायतेहून आलेलें बीं काढून घेतल्यावर त्यांनीं पिशवी सेरामपूरच्या बागेंत झटकली. त्या जागीं कांहीं दिवसांनीं त्यांच्या मायदेशचें डेझीचें रोप उगवलें. झटकलेल्या जागेकडेही ज्याचें लक्ष असतें, त्यासच असा आनंद लाभतो.

म्हणून प्रत्येकानें एक वही ठेवावी. तींत तारीख, पाऊस, पाणी व झाडांत दिसलेला फरक लिहावा. डोळ्यांनीं पाहिलेलें एका पानावर व कानांनीं ऐकलेलें दुसऱ्या पानावर असावें. पालकांस आमची एवढीच विनंति आहे कीं, परसांतील एक कोपरा, तो नसेल तर एक कुंडी, मुलाच्या स्वाधीन करावी. एखादें रोप मरेल. परंतु तें कां मेलें हें ज्या मुलानें शोधून काढलें, त्याचें दुसरें रोप बहुधा जगेल.